आमच्या पत्त्यावरची नर्स

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, सोफ्याच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनी म्हणायचं ते शेठ म्हणतात म्हणून. खाली दिवसभर लाकडाला पॉलिश चालतं. त्या वासाने दुपारपर्यंत आमचं सगळ्यांचंच डोकं हलकं होतं, आणि कंपनीचे महत्त्वाचे निर्णय साधारण दुपारनंतर होतात.

निर्णय घ्यायला सर होते. सर ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीतून आले होते. तिथून का आले हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तिथे काय काय होतं हे ते रोज सांगत. तिथला सर्व्हर, तिथली कॉफी, तिथली शिस्त. आम्ही जीन्सच्या कारखान्यांची आणि कोचिंग क्लासची सॉफ्टवेअरं करणारी माणसं, आम्ही मान हलवायचो.

एके दिवशी आमच्याकडे बदलापूरच्या एक काकू आल्या. त्या वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. बदलापुरातली निम्मी लग्नं आपण जुळवली आणि उरलेली निम्मी मोडता मोडता वाचवली, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मंडळाच्या शाखा तीन. बदलापूरची त्या स्वतः बघत, अंबरनाथची त्यांची नणंद, आणि उल्हासनगरची भाचा. तिन्हीकडची स्थळं एका कॉम्प्युटरात आणून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तीन शाखांनी स्थळांना नंबर मात्र आपापल्या स्वभावाप्रमाणे दिले होते. काकूंचे साधे, ४१२ म्हणजे ४१२. नणंदबाई आपल्या नंबराआधी ‘अं’ लावत, कारण वहिनींच्या स्थळांत आपली स्थळं मिसळलेली त्यांना चालणार नव्हती. आणि भाच्याने नंबर उमटवायचा एक शिक्का आणला होता. तो पुढे शून्य मारल्याशिवाय उमटतच नसे. त्याचं ४१२ म्हणजे ०४१२. त्याला ते कंपनीसारखं दिसतं म्हणून आवडायचंही.

डेटाबेसमध्ये टेबल करताना प्रत्येक कॉलमला आधीच सांगून ठेवावं लागतं, बाबा रे, तुझ्यात आकडा बसणार आहे की अक्षरं. एकदा आकडा म्हटलं की त्यात अक्षर शिरत नाही, आणि आकड्याच्या पुढचं शून्य तर तो सरळ गिळून टाकतो. त्याच्या दृष्टीने ०४१२ आणि ४१२ एकच. मी सरांना म्हटलं, “सर, हा कॉलम टेक्स्ट ठेवू या. दिसायला नंबर असला तरी ते नावच आहे. आपण काय स्थळांची बेरीज करणार आहोत?”

सर हसले. ऐरोलीत हसायचे तसं. “नंबर इज अ नंबर. टेक्स्ट ठेवलास तर सर्च स्लो होईल.”

काकूंची सगळी स्थळं एका रांगेत उभी केली असती तरी ती रांग बदलापूर स्टेशनपासून निघून कात्रपच्या पलीकडे गेली नसती. पण सरांना वेग हवा होता. लग्न ठरायला वर्षं लागोत, स्थळ पापणी लवायच्या आत सापडलं पाहिजे.

मी शेठकडे बघितलं. शेठ सिंधी घरातल्या सवयीने पापड मोडत होते. “बेटा,” ते म्हणाले, “शून्य को पीछे लगाओ तो उसकी कीमत है. आगे लगाओ तो क्या है? कुछ नाही.” पिढ्यान्पिढ्यांचा व्यापारी बोलला, त्यावर मी पगारदार काय बोलणार? कॉलम आकड्याचा झाला.

अंबरनाथची स्थळं आत गेलीच नाहीत. पहिल्याच ‘अं’ला डेटाबेसने दार लावून घेतलं. “अंबरनाथ आपण फेज टूमध्ये घेऊ,” सर म्हणाले. तेव्हा मला नणंदबाईंची दया आली होती. पुढे कळलं की वाचल्या बिचाऱ्या.

उल्हासनगरची स्थळं भरायला घेतली तर डेटाबेस ओरडायला लागला, हा नंबर आधीच आहे, हा पण आहे, हाही आहे. त्याचं बरोबर होतं. भाच्याचं शून्य गेल्यावर त्याचे नंबर काकूंच्या नंबरांवर जाऊन बसत होते. सरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मार्ग काढला. “नंबर आधीपासून असेल तर नवी माहिती जुनीवर लिहून टाक. नव्यात एखादा कॉलम रिकामा असेल तर तिथे जुनी राहू दे.”

“पण सर, माणूस वेगळं असलं तर?”

“एकाच नंबरची दोन माणसं कशी असतील?” सरांनी मलाच विचारलं. या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते माझ्या पगाराच्या वरचं होतं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. डेटाबेस एकदम शांत झाला. सर म्हणाले, “बघितलंस?”

आता घरची गोष्ट सांगते. मी आईबरोबर बदलापुरात, सोनिवलीत राहते. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून एका बाजूला भातशेती दिसते आणि दुसऱ्या बाजूला त्याच शेतीवर होणाऱ्या फ्लॅटचा बोर्ड. आईने माझं नाव काकूंकडे घातलं होतं, मला न विचारता. काकूंचा डेटा तपासताना माझाच बायोडेटा माझ्यासमोर आला तेव्हा मला ते कळलं. त्यात मी मनमिळाऊ होते, गृहकृत्यदक्ष होते आणि प्रत्यक्षापेक्षा बरीच उंच होते. मी पुढचं स्थळ उघडलं. तसेही त्या बायोडेटावर आजवर फारसे फोन आलेच नव्हते.

आणि मग अचानक फोन यायला लागले.

संध्याकाळी घरी आले की आई सांगायची. आज टिटवाळ्याहून एक. आज शहाडच्या एक बाई, किती गोड बोलल्या. आज डोंबिवली. आईच्या चालण्यात फरक पडला. ती मोबाइल कमरेला खोचून भाजी चिरायची. “सगळे म्हणतात मुलगी फोटोत फार शांत वाटते,” तिने एकदा सांगितलं. “मला तर भरूनच आलं. कुणाला तरी तू शांत वाटलीस.”

मला शंका यायला हवी होती. पण चार लोकांना आपण आवडतोय हे ऐकल्यावर शंका घेणारी माणसं वेगळी असतात.

अंबरनाथच्या एका घराने एका रविवारी यायचं ठरवलं. मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला. त्याच्या आईचं आणि माझ्या आईचं फोनवर सविस्तर झालं होतं. त्यांनी विचारलं, मुलीला रात्रपाळी असते का? आई म्हणाली, असते कधी कधी. ते खरं होतं, गिऱ्हाइकांचं काम बंद झाल्यावरच आम्हाला सॉफ्टवेअर अपडेट करता येतं. त्यांनी विचारलं, लोकांचं चिडणं वगैरे सहन करते का? आई म्हणाली, तिचा दिवसच त्यात जातो. हेही खरं होतं. दोन बायका इतकं खरं बोलूनही एकमेकींना इतकं फसवू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ते तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. वडिलांच्या काखेत एक फुगलेली फाइल. आई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, “पत्रिका आणलीय वाटतं.” एवढी जाड पत्रिका कुणाची असते, असं माझ्या मनात आलं. सगळेच ग्रह वक्री असले तरी इतकी पानं लागत नाहीत.

मी बाहेर जाऊन बसले. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. “प्रत्यक्षात वेगळ्याच दिसता हो,” त्या म्हणाल्या. यावर काय म्हणायचं असतं मला माहीत नव्हतं, म्हणून मी थँक्यू म्हटलं.

मग त्यांनी मला हाक मारली. भलत्याच नावाने.

आईचा चेहरा बदलला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, पण निदान लग्न लागेपर्यंत लोक थांबतात. हे लोक खुर्चीवर बसल्या बसल्या नाव बदलून मोकळे झाले होते. मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हटलं, “माफ करा, पण मी नाव बदलणार नाही.”

“कोणी सांगितलं बदलायला?” मुलाचे वडील म्हणाले. “छान आहे की नाव.” आणि त्यांनी पुन्हा तेच भलतं नाव घेतलं.

“हे नाव ठेवायचं नाही मला.”

“अगं, ज्यांनी ठेवलं त्यांना सांग ना!” त्यांनी माझ्या आईकडे बोट केलं. आईने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींनाही क्षणभर वाटलं, बारशाच्या वेळेस काही राहून गेलं की काय.

वातावरण हलकं करावं म्हणून वडिलांनी फाइल उघडली. तीत रक्ताचे, लघवीचे, हृदयाचे रिपोर्ट होते. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यासमोर धरला. “तुमच्यासाठी काय, रोजचंच आहे. जरा प्रेशर बघता का? कालपासून घेरी आल्यासारखं होतंय.”

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मी जीन्सच्या कारखान्याचा स्टॉक बघते, क्लासच्या पोरांची हजेरी बघते. हात कसा बघतात मला ठाऊक नव्हतं. आईला वाटलं, ही परीक्षा आहे. ती हळूच म्हणाली, “बघ ना गं, काका म्हणतायत तर.”

मी मुलाच्या आईच्या हातातला कागद मागून घेतला.

कागद आमच्याच सॉफ्टवेअरने छापलेला होता, ती चौकट मी स्वतः आखली होती. फोटोत एक शांत चेहऱ्याची मुलगी होती. खरोखरच शांत. नाव तिचं. शिक्षण नर्सिंगचं. नोकरी उल्हासनगरातल्या एका दवाखान्यात. आणि खाली, पत्ता आमचा, सोनिवलीचा, आणि फोन माझ्या आईचा. कोपऱ्यात नंबर होता, ४१२. काकूंकडे माझा नंबर तोच होता.

मला एकदम सगळं दिसलं. भाच्याने आपल्या स्थळांचे पत्ते आणि फोन कधी लिहिलेच नव्हते. लोक परस्पर भेटतील या भीतीने ते तो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा. रिकाम्या कॉलमात जुनी माहिती राहू दे, असं सर म्हणाले होते. ती राहिली होती.

“हा फोटो माझा नाही,” मी म्हटलं. “नाव माझं नाही, नोकरीही माझी नाही. पत्ता तेवढा आमचा आहे.”

“म्हणजे तुम्ही नर्स नाही?” मुलाच्या आईने असं विचारलं, जणू मी इतकी वर्षं खोटं सर्टिफिकेट घेऊन फिरत होते.

“आमची मुलगी इंजिनिअर आहे!” आई म्हणाली.

“मग फोनवर रात्रपाळी कशाला म्हणालात?”

“तुम्ही विचारलंत म्हणून!”

दोघींची जुंपली. वडिलांनी नाराजीने बाही खाली केली. हसला फक्त मुलगा. “म्हणजे कॉम्प्युटरने दोन मुलींची एक केली?” त्याने विचारलं.

“कॉम्प्युटरने नाही,” मी म्हटलं. “आम्ही केली. त्याने फक्त ऐकलं.”

जाताना मुलाच्या आईने तो कागद आठवणीने परत नेला. खरीचा पत्ता कुणाकडे मिळेल तेही विचारून घेतलं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “डिझाइन करेक्ट आहे. डेटा डर्टी आहे.” म्हणजे चूक काकूंची, भाच्याची, त्या शिक्क्याची, आणि थोडी त्या नर्सच्या आईवडिलांची, ज्यांनी तिला शून्याच्या पलीकडे जन्माला घातलं.

पण काकू स्वतःच आल्या. छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन जिना चढल्या आणि शेठच्या टेबलावर एकेक पान टाकत गेल्या. उल्हासनगरच्या एका अविवाहित मुलाला बदलापूरच्या एका बाईंचं पहिल्या लग्नाचं मूल चिकटलं होतं. एका मुलीने फोटो दिलाच नव्हता, म्हणून तिला बदलापूरच्या एका वकिलाचा फोटो गेला होता, मिशांसकट. “आणि हिच्यासाठी दोन फोन येऊन गेले,” काकू म्हणाल्या. “काय सांगू मी त्यांना?”

शेठनी पापड आणि पाणी पुढे केलं.

“पापड नको,” काकू म्हणाल्या. “माझी माणसं सुटी करून द्या.”

सर मागे हटणारे नव्हते. त्यांनी दुसरं टोक गाठलं. आता प्रत्येक स्थळाला असा लांबलचक नंबर मिळणार होता, जो जगात कुठेही, कधीही, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. अक्षरं, आकडे, मध्ये मध्ये आडव्या रेघा, अशी जवळजवळ एक ओळ. काकूंची गरज जगाची नव्हती, बदलापूर पूर्व आणि पश्चिम एवढीच होती. पण सर म्हणाले, फ्यूचरचा विचार करायचा.

हे फ्यूचर मी काकूंच्या बैठकीत बसून ऐकलं. त्या फोनवर एका मुलाच्या वडिलांना स्थळाचा नंबर सांगत होत्या. “लिहा. एफ. एफ हो, फणसातला. मग सात. मग डी, डब्यातला. नाही, बी बदकातला नाही, डी. आता आडवी रेघ. रेघ म्हणजे मारायची हो, शब्द नाही लिहायचा!” अर्ध्यावर त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “अगं, तोतऱ्या नवरदेवांकडून मी उखाणे म्हणवून घेतलेत. पण हे नाही गं जमत.”

दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा शेठकडे गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण खालच्या दुकानातलं पॉलिश थोडा वेळ थांबलं होतं एवढं खरं. शेठनी मला बोलावलं. “तू कर अब. तुझ्या हिशोबाने.”

मी काही थोर केलं नाही. आत, कुणाला दिसणार नाही असा एक साधा चढता आकडा ठेवला, भरपूर मोठा मावेल असा. त्याचं काम एकच, कोण कोण आहे हे मशीनला कळणं. आणि बाहेर माणसांसाठी दुसरा कॉलम, अक्षरांचा. त्यात शाखेचं अक्षर आणि तिचा नंबर, जसा लिहिला असेल तसा. भाच्याचं शून्य शून्य राहिलं. अंबरनाथचा ‘अं’ही सन्मानाने आत आला. आणि जुन्या फाइलींवरून एकमेकांत गेलेली माणसं मी एकेक करून वेगळी केली.

शेठनी बघितलं आणि म्हणाले, “ये पहले क्यों नहीं बोली?”

“बोलले होते.”

“जोर से नहीं बोली.”

सर पुढे एका आणखी मोठ्या कंपनीत गेले. तिथे ते म्हणे बँकांची कामं बघतात. मी माझं पासबुक नियमित भरून घेते.

त्या नर्सला भेटायचं मात्र राहिलं होतं. आईने आलेल्या फोनची नावं सांभाळून ठेवली होती, ती तिची होती, तिला द्यायला हवी होती. ड्यूटी संपल्यावर ती दवाखान्यासमोरच्या टपरीवर आली. फोटोतल्यापेक्षा बारीक, आणि अजिबात शांत नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की टपरीवाल्याने वळून बघितलं. “म्हणजे माझ्या नावाचे पोहे तुम्ही खाल्लेत!”

मग ती चहाचा ग्लास नुसताच फिरवत राहिली. “मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे,” ती म्हणाली. “फोनच येईना. आई म्हणाली, फोटो बरा नाही. मग साडी नेसून दुसरा काढला, लाली वगैरे लावून. मला आवडत नाही ते, तरी काढला. आई म्हणाली, आता बघ. तरी कोणी नाही.”

तो दुसरा फोटोही आमच्याच पत्त्यावर लोकांना आवडत होता, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अंबरनाथची मंडळी तिच्याकडेही जाऊन आली. फाइलसकट. तिने वडिलांचं प्रेशर बघितलं, मीठ कमी करा म्हणाली, आणि नकार कळवला. “ड्यूटी करून घरी यायचं आणि घरी परत ड्यूटी लावायची?” तिने मला फोनवर विचारलं. तोपर्यंत आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो होतो.

इकडे आमच्या घरातला फोन बंद पडला. म्हणजे मोबाइल ठीक होता, वाजत नव्हता इतकंच. माझा बायोडेटा पुन्हा माझा झाला होता, माझा फोटो, माझी नोकरी, सगळं जागच्या जागी. काही दिवस आई मोबाइल कमरेला खोचत राहिली, मग तो फ्रिजवर ठेवायला लागली.

“ते तुझं दुरुस्तीचं काम झालं का गं?” तिने एकदा विचारलं.

“कधीच झालं.”

ती कोथिंबीर निवडत होती. काड्या बाजूला, पानं बाजूला. “थोडे दिवस तसंच ठेवलं असतंस तर?” ती म्हणाली.

मी तिला रागावणार होते. म्हणणार होते की अगं, ते फोन माझे नव्हतेच. पण ते तिला माहीतच होतं. मी तिच्याशेजारी बसून अर्धी जुडी ओढून घेतली.

एक फोन मात्र येत राहिला. शहाडच्या त्या गोड बोलणाऱ्या बाईंचा. त्यांच्या मुलाचं दुसरीकडेच ठरलं, पण आई आणि त्यांच्या गप्पा सुरूच राहिल्या. गुडघे, लोणची, चिखलोलीचं स्टेशन कधी होणार, असं सगळं.

नर्सचं लग्न पुढे ठरलं. मंडळातून नाही, तिच्याच दवाखान्यातल्या लॅबमधला मुलगा. काकू तरीही सगळ्यांना सांगत होत्या की जुळवलं मीच, आणि कुणी हरकत घेत नव्हतं. अंबरनाथच्या हॉलमध्ये लग्न होतं. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. शहाडच्या बाईंना तिने परस्परच बोलावलं होतं. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या आणि आवाजावरून एकमेकींना ओळखलं.

जेवणानंतर आम्ही स्टेजच्या पायऱ्यांशी उभ्या होतो. फोटोग्राफर घाईत होता. “तुम्ही मुलाकडच्या का मुलीकडच्या?” त्याने आईला विचारलं.

“मुलीकडच्या,” आई म्हणाली, आणि पदर सारखा करून वर चढली.